खून झाला ते ठीक, गाडी किती लेट?

नाशिकरोडला जेलरोड, बिटको चौक किंवा देवळाली कॅम्पकडे दोन-चार सोसायट्या पालथ्या घातल्या, की एक तरी निवृत्त पासधारक सापडतोच. १९७५ साली सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेसने त्याने मुंबईची नोकरी केली. सकाळी सातच्या सुमाराला निघायचं, रात्री जेवायला परत. निवृत्तीनंतर पास सुटला, पण गाडी काही सुटली नाही. आता दुपारी दिवाणखान्याचे पडदे ओढून तो आगगाडीत घडणारे जुने खुनाचे चित्रपट बघतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आग्रहाने बोलावतो. चहा उत्तम असतो.

खुनात मात्र त्याला फारसा रस नसतो. पडद्यावर प्रेत दिसलं की आपण दचकतो; हे पासधारक काका घड्याळ बघतात. "आता पंचनामा. म्हणजे मागच्या सगळ्या गाड्या बोंबलल्या." मेलेल्या माणसापेक्षा मागच्या गाड्यांची हळहळ जास्त.

तांत्रिक चुका काढण्यात तर त्याचा हात कुणी धरू नये. विलायतेतला खुनी या डब्यातून त्या डब्यात मजेत फिरतो, याचं त्याला वैषम्य वाटतं. आपल्याकडच्या जुन्या फर्स्ट क्लासला मधला बोळच नसे. प्रत्येक खणाचं दार थेट फलाटावर उघडायचं. "इथे खून केला असता, तर लेकाच्याला पुढचं स्टेशन येईपर्यंत प्रेताशेजारी बसावं लागलं असतं. आणि घोटीला चार माणसं आत घुसून म्हणाली असती, जरा सरकून घ्या!" १९७० चा राजेश खन्नाचा ‘द ट्रेन’ त्याला आवडतो, पण सीआयडीचा माणूस तपास सोडून नंदाबरोबर गाणी म्हणतो, हे त्याला ड्यूटीवरचं गैरवर्तन वाटतं.

हिचकॉकच्या १९३८ च्या ‘द लेडी व्हॅनिशेस’मध्ये धावत्या गाडीतून एक म्हातारी नाहीशी होते. बघणारे सारे तिच्या शोधात गुंततात. काकांचा जीव अडकलेला असतो तो त्यातल्या चार्टर्स आणि कॅल्डिकॉट या दोन साहेबांत. कट, हेर, गोळीबार काहीही होवो, त्यांना चिंता एकच: मँचेस्टरचा कसोटी सामना गाठायचा आहे, गाडीला उशीर होता कामा नये. (पोहोचल्यावर कळतं, पुरामुळे सामनाच रद्द.) "हे खरे पासधारक!" काका डोळे पुसत म्हणतात. घाटात दरड कोसळल्यावर इगतपुरीला अडकून पडलेल्या माणसालाच ते दुःख कळेल.

पण या माणसाला नुसतं हसून चालत नाही, हे मला ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ने शिकवलं. सिडनी ल्युमेटचा, १९७४ चा. खून अजून व्हायचा होता. इस्तंबूलच्या फलाटावर गुप्तहेर पॉयरोला बर्थ मिळेना, एवढंच चाललं होतं. काका ताडकन उठून बसले. "ऐन हिवाळ्यात, गर्दीचा हंगाम नसताना अख्खा डबा फुल? चार्ट मागवा, चार्ट! यांचा ग्रुप आहे." पॉयरोला या निष्कर्षाला यायला पुढे दीड-दोन तास लागले.

शेवट मी फोडणार नाही. एवढंच सांगतो की तो बघताना बाकीचे अवाक् झाले आणि काका शांतपणे बिस्किट बुडवत राहिले. वर्षानुवर्षं एकाच डब्यातून जाणारी माणसं एकमेकांची पोरं, कर्जं, दुखणी ओळखून असतात. एखादा आगंतुक ठरलेल्या खिडकीपाशी येऊन बसला, तर कुणी कुणाला खूणही न करता सगळा डबा त्याच्या विरोधात उभा राहतो, आणि टीसीने विचारलं तर कुणीच काही पाहिलेलं नसतं. हा चित्रपट जिच्यावर बेतला, ती कादंबरी १९३४ साली आणून अगाथा ख्रिस्तीबाईंनी जगाला चकित केलं. काकांच्या मते, बाईंनी पास काढून आठवडाभर प्रवास केला असता, तर त्यांना ती निम्म्या पानांत आटोपता आली असती.

तेव्हा असं बोलावणं आलं तर अवश्य जा. फक्त चित्रपट आधी एकदा घरी बघून घ्या, कारण तिथे गोष्ट ऐकू येणार नाही; आणि त्या दिवाणखान्यात खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसली, तरी तिच्यावर बसू नका.