रद्दीवाले शेठ यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय शेठ,
आंतरराष्ट्रीय वृत्तपत्र वाचनालय
(पाटीवरचे नाव : रद्दी डेपो),
दादर पश्चिम.

विषय : कोरियन अंक पुड्या बांधायला देणे थांबवण्याबाबत.

महोदय,

मी आपला अकरा वर्षांचा जुना ग्राहक. आमच्या घरची महिन्याची रद्दी घरच्या काट्यावर सात किलो भरते आणि आपल्या काट्यावर साडेपाच. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

गेल्या पावसाळ्यात सहा कपांचा सेट घेतला. कप कागदात गुंडाळलेले होते. एक कप फुटला, त्याचं दुःख करायला सवड झाली नाही, कारण कागद कोरियन निघाला. काड्या, चौकटी आणि मध्येच एखादं गोल भोकासारखं अक्षर. दुकानदाराने पत्ता दिला तो तुमचा. तुम्ही गठ्ठ्याची सुतळी सोडत म्हणालात, "फॉरेनचा माल आहे साहेब, एकदम कोरा. कुणी उघडलापण नाही."

शेठ, तुमचं म्हणणं खरं निघालं. वाढीव खप दाखवण्यासाठी जादा छापलेले अंक घडीसुद्धा न मोडता परदेशी रद्दीत जातात, यावरून कोरियात २०२१ साली चांगलाच गदारोळ झाला होता. म्हणजे सोलमध्ये ज्या पेपराला वाचक मिळाला नाही, त्याला तो दादरला मिळाला. संपादकांनी अग्रलेख लिहिला, छापखाना रात्रभर जागला, जहाजाने समुद्र ओलांडला, ते सगळं माझ्यासाठी. एवढा मान मला आमच्या सोसायटीतही कुणी देत नाही.

परदेशी पेपर मिळवायचे प्रतिष्ठित मार्ग मी आधी चोखाळले होते. एका पंचतारांकित हॉटेलात ते लाकडी काठीला अडकवून ठेवलेले दिसले. कॉफीचा दर वाचला आणि काठीला लांबूनच नमस्कार करून परतलो. काळा घोड्याला माक्स म्युलर भवन आहे, पण तिथे जर्मन येणारी माणसं बसतात. आपण नुसतीच पानं उलटतोय, हे चेहऱ्यावरून कळतं. तुमच्याकडे ही अट नाही. तुम्हालाही वाचता येत नाही, मलाही नाही. आपलं नातं समतेचं आहे.

आता विचाराल, कळत नाही तर वाचता काय? शेठ, कळतं ते सकाळी सातला वाचून होतं आणि साडेसातला रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. कोरियन पेपरात मंत्री फीत कापताना दिसतो, पण त्याने काय आश्वासन दिलं ते कळत नाही, त्यामुळे तो मला सज्जन वाटतो. अरबी पेपर उजवीकडून उघडतो, जपानी पेपरातले स्तंभ वरून खाली गळतात. ही मजा दुसरीकडे कुठे किलोच्या भावात मिळते? शिवाय ही सवय आमच्या घराण्यातलीच म्हणायची. ६ जानेवारी १८३२ला निघालेल्या 'दर्पण'मध्ये एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी होतं. न कळणारा मजकूर मांडीला मांडी लावून बसवायचा, हे बाळशास्त्री जांभेकरांनी पहिल्या अंकापासून शिकवलं. गोव्यात तर १९०० साली निघालेला 'ओ हेराल्डो' १९८३पर्यंत पोर्तुगीजमध्ये चालला. तेव्हा मला वेडा समजू नये.

सबब पुढील मागण्या :

१. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला २०१८च्या नियमांनी बंदी आहे. तरी कोपऱ्यावरच्या गाडीवर परवा वडा आला तो आंतरराष्ट्रीय घडामोडींवर, आणि तेल नेमकं संपादकीयात झिरपलेलं. हा पुरवठा बंद व्हावा.

२. अंक तारखेप्रमाणे लावावेत.

३. हे सर्वांत तातडीचं. १७ तारखेच्या अंकात आतल्या पानावर एक जाळी आहे, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आणि सोंगट्यांवर आकडे. दोन दिवस मी शब्दकोडं समजून पेन्सिल घेऊन बसलो होतो. भाच्याने सांगितलं, हा बदुक. जपानी लोक याला 'गो' म्हणतात. नामांकित खेळाडूंचा डाव रोज थोडा थोडा छापायची तिकडे पद्धत आहे. आकडे आपलेच असल्यामुळे चाली लावता येतात. साबुदाणे आणि काळे उडीद घेऊन मी त्या जेवणाच्या टेबलावर लावल्या. डाव ९८व्या चालीवर थांबला आहे आणि उडदांची बाजू मला अडचणीत दिसते.

१८ तारखेचा अंक आपल्या गठ्ठ्यात असल्यास कृपया बाजूला ठेवावा. तो एखाद्या कपाभोवती वसईला गेला असल्यास कपाचीही किंमत देईन. घरात उसळ करायची खोळंबली आहे.

आपला नम्र,
एक आजीव सभासद

ता. क. : अंक आपल्याच काट्यावर तोलावा. विकत घेताना तो काटा मला सोयीचा पडतो.