खोलायचं की बदलायचं?

ट्रकचं इंजिन खोलायचं की बदलायचं, या विषयावर मत नसलेला माणूस कोल्हापुरात सापडणं कठीण. ज्यांच्याकडे ट्रक आहे ते निदान "बघावं लागंल" एवढं तरी म्हणतात. ज्यांच्या दारात लुनासुद्धा नाही, त्यांचं मत मात्र दगडावरची रेघ. आमच्या गाडीचं इंजिन ऑइल खायला लागल्याची बातमी घराबाहेर कशी गेली कोण जाणे, पण मी शाळेत पोचायच्या आत ती स्टाफरूममध्ये पोचली होती. भूगोलाच्या सरांनी खडूचे हात झटकत निकाल दिला, "सरळ बदलून टाका. जुन्यावर पैसा घालू नये." भूगोलाच्या सरांकडे सायकल आहे आणि तीही त्यांच्या सासऱ्यांची.

गाडी बाबांनी घेतलेली. टाटाची १२१०. हे नाव म्हणजेच तिची कुंडली: पहिले दोन आकडे बारा टनांचे, पुढचे दोन शंभर घोड्यांचे. बॉनेटखाली इंजिन ६९७. तेही नावाला जागणारं, म्हणजे सहा सिलेंडर आणि प्रत्येकाचा बोअर ९७ मिलिमीटर. पावणेसहा लिटरचं धूड. गोत्र मूळचं जर्मन. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेन्झशी हात मिळवले आणि जमशेदपुरात ट्रक बनायला लागले. १९६९ साली करार संपला, गाड्यांच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला, तिथे 'टी' आला. बाबांनी गाडी घेतली ती या सगळ्यानंतर कितीतरी वर्षांनी, पण ते तिला शेवटपर्यंत 'मर्सिडीज'च म्हणत. त्यामुळे आमच्या गल्लीत एक मर्सिडीज होती आणि तिच्यात शेणखत भरलं जायचं.

अलीकडे ती रत्नागिरीकडून जांभा चिरा आणते. म्हणजे आंबा घाट, आणि तोही भरल्या गाडीनं चढायचा. घाटात तिच्या मागे लागलेली एसटी वर पोचायची तेव्हा आतले प्रवासी खिडक्या लावून, तोंडाला रुमाल बांधून, आमच्या घराण्याचा उद्धार करत बसलेले असायचे. ड्रायव्हरमामांना हे मान्य नव्हतं. "धूर न्हाई त्यो, धुकं हाय. आंब्यात असतंयच," असं ते मे महिन्यातसुद्धा म्हणत. धुराचे रंग मामांना चांगले कळतात. काळा असला तर डिझेल नीट जळत नाही, निळा असला तर ऑइल जळतंय. पण निळा दिसायला लागल्यापासून मामांच्या नजरेला सगळं पांढरंच दिसत होतं. दर खेपेला सीटखाली ऑइलचा एक जादा कॅन ठेवायची पद्धतही त्यांनीच पाडली आणि तो कॅन "असू दे आपला, अडीअडचणीला" म्हणून खपवला.

शेवटी गाडी उद्यमनगरात मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी ना कुठलं यंत्र लावलं, ना काही विचारलं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण काढलं, ते उलटं केलं आणि नुसतंच भोकावर ठेवलं. पिस्टनच्या रिंगा शाबूत असतील तर झाकण थरथरतं, पण जागा सोडत नाही. रिंगा आणि लायनर झिजले की जळालेला गॅस त्यांना वळसा घालून खाली चेंबरमध्ये उतरतो आणि बाहेर पडायला वाट शोधतो. आमचं झाकण आधी थुईथुई नाचलं, मग तिरकं झालं, एका अंगानं सरकलं आणि ठण्णकन खाली पडलं. भोकातून भकाभका धूर. मिस्त्रींनी झाकण उचललं, फडक्यानं पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की निदान केव्हाच झालं आहे. आता बिलाची मशागत चालली आहे.

"दोन रस्ते हाईत सर," मिस्त्री म्हणाले. "खोला, न्हाईतर बदला."

"तुम्ही काय म्हणता?"

"गाडी तुमची."

'गाडी तुमची' या दोन शब्दांना या धंद्यात फार वजन आहे. पुढे काही बिघडलं तर तो निर्णय आपला होता, हे त्यातून आजच ठरून गेलेलं असतं.

घरी पक्ष पडले. दादा बदलायच्या बाजूचा. धंदा तोच बघतो, त्यामुळे त्याला हिशेब लगेच समोर दिसतो आणि हिशेबात न बसणारं काहीही दिसत नाही. बदलण्याचेही दोन प्रकार. एक म्हणजे जुनं देऊन कंपनीचं रिकंडिशन केलेलं घ्यायचं. टाटा मोटर्स 'प्रोलाइफ' या नावानं असा माल देते, पण आपल्या मॉडेलचं मिळेल का, इथून चौकशी सुरू. दुसरा म्हणजे भंगारात गेलेल्या गाडीचं इंजिन. दादाचा एक मित्र कुर्ल्याच्या बाजारातून तसलं आणून देणार होता. "चालत्या गाडीतून काढलंय," असं त्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं. भंगारातलं प्रत्येक इंजिन चालत्या गाडीतूनच काढलेलं असतं. चालती गाडी थांबवून तिचं इंजिन काढणारी ही माणसं कोण, आणि का, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

मला त्या इंजिनाबद्दल वेगळीच धास्ती होती. आपल्या इंजिनाची पापं निदान आपल्याला ठाऊक असतात. त्याच्या आधीच्या ड्रायव्हरनं रेडिएटर कोरडा ठेवून कुठल्या घाटात ते तापवलं, हे कुठे लिहिलेलं नसतं.

शिवाय आरटीओ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की गाडीत बदल केला तर आरसीशी तो जुळला पाहिजे. इंजिन बदललं असेल तर चौदा दिवसांत कळवा आणि नवा नंबर चढवून घ्या. तो नंबर चोरीच्या गाडीचा नाही, याचीही शहानिशा आलीच. यातली गंमत मला त्या कार्यालयाच्या बाकावर बसल्यावर कळली. गीतेतला आत्मा जुनं शरीर टाकून नवं धारण करतो. आरटीओत नेमकं उलटं: चेसिस तीच, नंबर तोच, आत्मा तेवढा बदलून मिळतो, पण त्याचा फॉर्म भरावा लागतो.

मामा विरुद्ध पक्षात. "ह्या इंजनाला घाट पाठ हाय," हे त्यांचं एकमेव म्हणणं आणि त्यावर वाद घालता येत नाही. "कुठल्या वळणावर सेकंड मागतंय ते मला सांगायला लागत न्हाई." दादा म्हणाला, "मामा, गिअर तुम्ही टाकता." मामा म्हणाले, "मागतंय कोण?"

मीही मनातून खोलायच्याच बाजूचा होतो, पण कारण भावनिक. बाबांनी या इंजिनाला कधी हात लावू दिला नाही, कंपनीतून आलं ते तसंच आहे, अशी आमच्या घरची कथा. पाहुण्यांना ती मी दर दिवाळीत सांगतो.

आईनं मात्र एकच विचारलं, "गाडी किती दिवस उभी राहणार?" एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. कागदावर मी दोन रकाने पाडले होते. एकीकडे लायनर, पिस्टन, बेअरिंग, हेडचं काम, पंप-नोझल, मजुरी. दुसरीकडे दुसऱ्या इंजिनाचा भाव, हमाली, आरटीओ. पण गाडी दारात उभी राहिली की तिची खेप बुडते, मामांचा पगार बुडत नाही. माझ्या मते तर दोन्ही रकान्यांच्या वर आणखी एक ओळ हवी: बाकीची गाडी किती वर्षं टिकणार? आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दर वर्षी पासिंग, त्यात २०२१ साली स्क्रॅपचं धोरण आलेलं. विकायला काढलीच तर गिऱ्हाईक टायर बघतं, चेसिस बघतं, बॉडीला बुक्की मारून बघतं. "इंजिन आत्ताच केलंय" म्हटलं की ते समजुतीनं मान हलवतं आणि भाव दहा हजारांनी पाडतं, कारण हे वाक्य त्यानं स्वतःची गाडी विकताना वापरलेलं असतं. म्हणजे इंजिनावर घातलेला पैसा वसूल करायचा तर तो रस्त्यावरच, दुसरीकडे कुठे नाही.

याच दिवसांत मी रुडॉल्फ डिझेल यांच्यावर वाचलं. १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला त्यांचं इंजिन नीट चाललं, आणि १९१३ साली इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून ते रात्रीतून नाहीसे झाले. त्यावर अभ्यासकांनी बरेच तर्क लढवले आहेत. माझी अटकळ अशी, की त्या बोटीवर त्यांना कुणीतरी गाठून विचारलं असावं, "साहेब, खोलू का बदलू?"

तोडगा मिस्त्रींनीच काढला. "नुसतं हेड उचलून बघूया की." या वाक्यातला 'नुसतं' फार महागात पडतो. हेड उचललं की गॅस्केट गेलं, आणि गॅस्केट नवंच टाकायचं तर आत आणखी थोडं बघायला काय हरकत आहे? मिस्त्रींनी माझं बोट धरून लायनरच्या आत वरच्या काठाशी फिरवलं. वर थोडी कोरी जागा होती, आणि जिथून रिंगा घासायला सुरुवात होते तिथे नखाला चक्क पायरी लागली. खालची भिंत आरशासारखी गुळगुळीत. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या चरा, ज्यात ऑइल धरलं जातं, त्यांचा मागमूस नाही.

ब्लॉक मात्र धड निघाला. कुठे तडा नाही, पाण्याची जागा खाल्लेली नाही. मग क्रँक बाहेर आला आणि लेथवाल्यानं मायक्रोमीटर लावला. क्रँक घासतात तो टप्प्याटप्प्यानं: दहा, वीस, तीस, चाळीस. प्रत्येक वेळी तो बारीक होतो आणि बेअरिंग जाड घ्यावं लागतं. चाळीसच्या पुढे घासून उपयोग नसतो.

"चाळीसवर आहे," लेथवाला म्हणाला. "संपला."

"शक्य नाही," मी म्हणालो. "हे इंजिन कंपनीतून आल्यापासून उघडलेलंच नाही."

लेथवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि चहा मागवला. मिस्त्रींनी हेड उलटं करून दाखवलं. ते तर दुसऱ्याच कुठल्या गाडीचं होतं.

मामांना विचारलं. मामा आरशात मिशा बघायला लागले. "तेवढं करावंच लागतंय गाडीला."

घरी येऊन आईला विचारलं. ती शेंगा निवडत होती. "दोनदा खोललं होतं," मान वर न करता ती म्हणाली. "एकदा माझ्या पाटल्या गेल्या, एकदा म्हैस. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. तुम्ही पोरं गावभर मर्सिडीज मर्सिडीज करत फिरायचात."

यानंतर वादात काही दम राहिला नाही. ब्लॉक आमचाच ठेवला. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे आरटीओला विचारायचं कारण उरलं नाही. लायनर-पिस्टन नवे आणि क्रँक कुर्ल्याच्या त्या 'चालत्या गाडीतून काढलेल्या' इंजिनाचा, मायक्रोमीटर लावून, दादाच्या मित्राच्या देखत तपासून घेतलेला. तो वीसवर निघाला. मित्राला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. दादा आता सगळ्यांना सांगतो, "नवं इंजिन टाकलं." मामा सांगतात, "जुनंच हाय, जरा साफसूफ केलं." बिलात दोघांचंही खरं ठरावं अशी सोय मिस्त्रींनी केली आहे. त्यातली 'किरकोळ' ही एकच ओळ क्रँकपेक्षा महाग आहे.

पहिल्या काही खेपा हलक्या मारा, घाटात रेटू नका, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. मामा रिकामी गाडी मलकापूरपर्यंत फिरवून आले. धूर नाही, झाकण हलत नाही, ऑइलचा कॅन सीटखाली सीलबंद. तरी चेहरा पडलेला.

"काय झालं मामा? चांगली चालत नाही?"

"चालतीया की. लई गुमान चालतीया." मामांनी किल्ली दादाच्या हातात ठेवली. "इंजनाच्या आवाजात इतकी वर्सं ऐकू येत नव्हतं. तिसऱ्यात गिअरबॉक्स रडतुया."

दादानं माझ्याकडे पाहिलं.

"खोलायचा," तो म्हणाला, "की बदलायचा?"