‘थांबा’ म्हणायचं कुणी?

बाद की नाबाद, हे आपण फलंदाजाला विचारत नाही. अंधूक उजेडात खेळायचं का, हे पूर्वी फलंदाजाला विचारत असत. आता तेही पंचच ठरवतात. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये एकदा सामना सुरू झाला की पावसासाठी खेळ कधी थांबवायचा, हे पंच सांगतात. मग २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा ‘आज खेळायचं का?’ हा प्रश्न खेळाडूंच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कसा गेला?

गेला खरा. आणि गेला तो माझ्याच संघात.

मायामी मार्लिन्स हा माझा संघ. मायामीत संध्याकाळचे पावणेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे सव्वाचार झालेले असतात. टाळेबंदीच्या त्या पावसाळ्यात पहाटे उठायचं आणि हा संघ बघायचा, हा माझा नेम होता. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, मार्लिन्स १६२ पैकी १०५ सामने हरले होते. प्रेक्षकांच्या संख्येतही अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये त्यांचा नंबर शेवटचा. मोठे खेळाडू विकून टाकलेले, उरलेली सगळी नवी पोरं. ‘लिटल हवाना’ या क्यूबन वस्तीत त्यांचं मैदान आहे. संघात व्हेनेझुएलाचा कुणी, डॉमिनिकन रिपब्लिकचा कुणी. अशा संघावर जीव जडतो तो करंडकासाठी नाही. घरातलं लहान पोर पडत-झडत चालायला शिकतं तेव्हा आपण जसे बघत बसतो, तसं ते बघणं असतं.

म्हणूनच जे झालं ते मला आजही सलतं.

आधी वेळापत्रक बघा. १२ मार्चला सरावाचे सामने थांबले. २६ मार्चला सुरू होणारा हंगाम लांबणीवर पडला. तैवानने एप्रिलमध्ये आणि दक्षिण कोरियाने ५ मे रोजी बेसबॉल सुरूही केलं, कारण त्यांनी आधी साथ आवरली होती. कोरियातल्या संघांनी तर पूर्ण १४४ सामन्यांचा हंगाम पार पाडला. अमेरिकेत साथ पसरत होती आणि बेसबॉलचे मालक आणि खेळाडूंची संघटना भांडत होते पगारावरून. सामने किती, त्यावर पगार किती. तुमचा प्रस्ताव, आमचा प्रस्ताव, पुन्हा तुमचा. शेवटी जूनच्या उत्तरार्धात कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी आपल्या अधिकारात हंगाम जाहीर केला. १६२ ऐवजी ६० सामने, पगारही त्याच प्रमाणात, म्हणजे साधारण सदतीस टक्के.

कामगाराने पगारासाठी भांडावं, त्यात गैर काही नाही. पण ‘कुणी आजारी पडलं तर सामना थांबवणार कोण?’ हे ठरवायचे दिवस टक्केवारीत गेले.

नियमावली मात्र शंभराहून अधिक पानांची निघाली. थुंकू नका. टाळी देऊ नका. सूर्यफुलाच्या बिया चघळू नका. रिकाम्या खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे प्रेक्षक बसवले, ध्वनिमुद्रित गलका सोडला. किती जण बाधित झाले म्हणजे सामना रद्द, असा ठरलेला आकडा तेवढा त्या पानांत नव्हता. बास्केटबॉलवाल्यांनी फ्लोरिडातच ऑरलँडोला खेळणारे सगळे संघ एका आवारात कोंडून खेळवले. बेसबॉलचे तीस संघ शहरोशहरी विमानाने फिरणार होते. १२ जुलैला एकट्या फ्लोरिडात एका दिवसात पंधरा हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले होते. त्याच राज्यातून माझा संघ निघाला.

२६ जुलै, रविवार, फिलाडेल्फिया. हंगामाचा तिसरा सामना. तोपर्यंत मार्लिन्सचे चार खेळाडू बाधित असल्याचं समजलं होतं. ज्या पिचरने सामना सुरू करायचा, तोही त्यांच्यातलाच. शॉर्टस्टॉप मिगेल रोहास हा संघातला वडीलधारा. त्याच्यासह खेळाडूंनी ग्रुपवर आपापसात विचारलं आणि ठरवलं, खेळायचं. ११-६ असे जिंकलेही.

त्यानंतर आठवडाभरात बाधित खेळाडूंचा आकडा १८ वर गेला. एका संघातले अठरा! उरलेले फिलाडेल्फियाच्या हॉटेलात आपापल्या खोलीत अडकले. बाधितांना स्लीपर बसने मायामीला नेलं, जवळपास दोन हजार किलोमीटर. समोरचा फिलाडेल्फियाचा संघही आठवडाभर खेळू शकला नाही.

माझा राग रोहासवर नाही. त्याला स्वतःलाही लागण झाली. खेळाडूला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं, दुखलं तरी मैदान सोडायचं नाही. त्यातून ज्या पोराला उद्या आपली जागा टिकेल की नाही हेच माहीत नाही, तो ग्रुपमध्ये ‘मी आज खेळत नाही’ असं लिहील? सगळ्यांच्या देखत? नवरदेवाला मुहूर्त विचारला तर तो ‘आत्ताच’ म्हणणार. चूक त्याला विचारणाऱ्याची.

यानंतर प्रत्येक संघात नियमपालन अधिकारी आले, मास्कचे नियम कडक झाले. बैल गेला अन् झोपा केला. आणि मॅनफ्रेड यांनी जाहीरपणे सांगितलं की खेळाडूंनी अधिक चांगलं वागायला हवं. म्हणजे घंटा पुन्हा खेळाडूंच्याच गळ्यात. तोवर सेंट लुईसच्या संघातही साथ शिरली. तो संघ दोन आठवड्यांहून अधिक काळ बसून राहिला आणि नंतर शिकागोला निघाला तो भाड्याच्या ४१ मोटारींतून.

तिकडच्या त्या उन्हाळ्यात ‘नाही’ हा शब्द एकानेच ठणकावून उच्चारला. कॅनडाच्या सरकारने. टोरंटोच्या संघाने घरच्या मैदानावर खेळायची परवानगी मागितली. अमेरिकेतून वारंवार सीमा ओलांडून ये-जा होणार, म्हणून सरकारने ती नाकारली. टोरंटोच्या संघाला सीमेपलीकडच्या बफेलोत, एका छोट्या लीगच्या मैदानावर घर मांडावं लागलं. योगायोग असा की ११ ऑगस्टला तिथे पहिला पाहुणा म्हणून गेला तो मार्लिन्सच. कॅनडाचं सरकार ‘नाही’ म्हणू शकलं याचं कारण साधं आहे. तिकिटात, जाहिरातीत, टीव्हीच्या करारात त्याचा वाटा नव्हता.

आता माझ्या पोरांबद्दल. हे सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल.

४ ऑगस्टला बाल्टिमोरमध्ये मार्लिन्स पुन्हा मैदानात उतरले तेव्हा निम्मा संघ ओळखू येईना. कुणी राखीव गटातून बोलावलेला, कुणी दुसऱ्या संघाने सोडलेला. ४-० जिंकले. मालिकेतले चारही सामने जिंकले. ५ ऑगस्टला एडी आल्वारेझ सर्वोच्च लीगमधला आपला पहिला सामना खेळला. मायामीचाच मुलगा, वय ३०. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावरच्या स्केटिंगच्या रिले शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवलं होतं. बर्फ सोडून तो बेसबॉलकडे आला, छोट्या लीगमध्ये वर्षानुवर्षं घासला आणि अठरा जण आजारी पडल्यावर त्याला दार उघडलं. पुढच्या वर्षी टोकियोत त्याने बेसबॉलमध्येही ऑलिम्पिकचं रौप्य मिळवलं.

मार्लिन्सला घरच्या मैदानाचं दर्शन झालं ते १४ ऑगस्टला. आठ दिवस वाया गेले होते, त्यामुळे ४ ऑगस्टपासून उरलेले ५७ सामने ५५ दिवसांत उरकायचे होते. एकाच दिवशी दोन-दोन सामने, तेही नऊऐवजी सात इनिंगचे. ९ सप्टेंबरला अटलांटाने त्यांना २९-९ असं झोडपलं. ती पहाट मी शेवटपर्यंत बघितली. दुसऱ्या दिवशी ही पोरं पुन्हा मैदानात हजर होती, आणि मला त्यांचा अभिमान वाटला तो याच गोष्टीचा.

२५ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये ते दहाव्या इनिंगमध्ये ४-३ जिंकले आणि २००३ नंतर प्रथमच बाद फेरीत गेले. त्यांचे तेव्हाचे मॅनेजर डॉन मॅटिंग्ली आणि संघाचे मुख्याधिकारी डेरेक जीटर, दोघेही याच यांकीजचे माजी कर्णधार. एकूण ३१ विजय, २९ पराभव. शिकागोत, रिकाम्या रिग्ली फील्डवर त्यांनी तिथल्या कब्ज संघाला ५-१ आणि २-० असं हरवलं. दुसऱ्या सामन्यात २२ वर्षांच्या सिक्स्तो सांचेझने पाच इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. पुढे अटलांटाने सलग तीन सामन्यांत हरवून त्यांना घरी पाठवलं. मॅटिंग्ली नॅशनल लीग या विभागाचे त्या वर्षीचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले. नोव्हेंबरात याच संघाने किम अँग यांना जनरल मॅनेजर नेमलं. अमेरिकेच्या सर्वोच्च लीगच्या इतिहासात त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला.

म्हणून कुणी म्हणतं की ६० सामन्यांचा हंगाम खरा नव्हे, त्यावर फुली मारा, तेव्हा मी वाद घालतो. खेळ खरा होता. घाम खरा होता. ज्यांनी तो गाळला त्यांच्या नावापुढे फुली नको.

पण जिंकल्यामुळे २६ जुलै धुऊन निघत नाही. ‘शेवटी सगळं नीट झालं ना?’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. सगळ्यांचं नीट झालं नाही. बोस्टनचा पिचर एदुआर्दो रॉद्रिगेझ कोविडनंतर हृदयाच्या स्नायूंना सूज आल्यामुळे संपूर्ण हंगाम बाहेर बसला. तरुण, धडधाकट माणूस. अटलांटाचा फ्रेडी फ्रीमन जुलैमध्ये १०४ अंशांवर ताप घेऊन पडला होता. तो उठला आणि पुढे नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. कोण उठेल आणि कोण बाहेर बसेल, हे फिलाडेल्फियातल्या त्या सकाळी कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याचा परिणाम ठाऊक नाही, त्याचा कौल हात वर करून घ्यायचा नसतो.

आणि शिकलं का कुणी? २७ ऑक्टोबर, टेक्सासमधलं आर्लिंग्टन, वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेचा सहावा सामना. लॉस एंजेलिस डॉजर्सचा जस्टिन टर्नर आठव्या इनिंगच्या आधी बाहेर काढला गेला, कारण तो बाधित असल्याचा चाचणीचा निकाल सामना चालू असतानाच आला. डॉजर्सने टॅम्पा बेला हरवून करंडक जिंकला, आणि टर्नर परत मैदानावर आला. सहकाऱ्यांत मिसळला. मास्क काढून संघाच्या फोटोत बसला. शेजारी कर्करोगातून बरे झालेले मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स. त्याला रोखायला हवं होतं, रोखलं गेलं नाही. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही. आपल्यालाही हे अधिक नीट हाताळता आलं असतं, असं लीगने कबूल केलं.

जुलैत मोबाइलचा ग्रुप, ऑक्टोबरात उघडं मैदान. तीन महिने गेले आणि ‘थांब’ म्हणणारा माणूस तेव्हाही जागेवर नव्हता.

आपणही हसायला नको. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या रुग्णालयांत ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या होत्या आणि आयपीएल चालू होती. ३ मे रोजी कोलकात्याचे दोन खेळाडू बाधित निघाले, तेव्हा त्या रात्रीचा सामना पुढे ढकलला. खेळाडूंना विचारत बसले नाहीत, हे योग्य केलं. दुसऱ्या दिवशी स्पर्धाच थांबवली. पण तोवर २९ सामने झाले होते. इथे निर्णय क्रिकेट मंडळाचा होता आणि स्पर्धेचं उत्पन्नही मंडळाचंच होतं. ज्याची पेटी भरते त्याच्या तोंडून ‘थांबा’ उशिरानेच निघतो, मग ते मायामी असो की मुंबई.

पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. उष्णतेची लाट तर दर वर्षी येते. म्हणून प्रत्येक क्रीडा संघटनेला, आयपीएलपासून भर उन्हात शालेय स्पर्धा भरवणाऱ्या तालुक्याच्या समितीपर्यंत, माझं एक मागणं आहे. नियमावलीच्या पहिल्या पानावर एका डॉक्टरचं नाव लिहा. तो संघाच्या, मालकाच्या किंवा मंडळाच्या पगारावर नसावा. त्याने ‘थांबा’ म्हटलं की सामना थांबला पाहिजे, आणि त्यावर कुणाचंही मत घेतलं जाऊ नये. खेळाडूचं तर नाहीच. त्याला खेळू द्या, आणि त्याच्या वतीने ‘नाही’ म्हणायचं ओझं दुसऱ्या कुणीतरी उचला.