मंद वायपरचे मालक

जुन्या गाडीचा वायपर मंद झाला की गाडीमालकांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोडतो, संध्याकाळी पैसे देऊन घेऊन येतो आणि विषय विसरतो. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. दुसरा वर्ग वायपर स्वतः दुरुस्त करतो. पुढील वर्णन त्याचे आहे.

हा गृहस्थ बहुधा निवृत्त असतो आणि त्याची गाडी बहुधा प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून निघू लागलेली ही गाडी पुढे प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. ‘ती गाडी बंद झाली ना?’ असे कोणी विचारले तर, ‘त्यांनी करणं बंद केलं, मी चालवणं नाही,’ हे उत्तर तयार असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून आणणे हा त्याच्या मते छळ नसून गाडीचा वाढदिवस आहे.

त्याचा हंगाम मृग नक्षत्राच्या महिनाभर आधी सुरू होतो. वळवाची पहिली सर आली की इतर लोक छत्री शोधतात, हा पार्किंगमध्ये जाऊन वायपरचे बटण ओढतो. वायपर निघतो, मध्यावर जरा विचार करतो, आणि आजारी माणसाने कूस बदलावी तसा परत फिरतो. गृहस्थ घड्याळ लावून फेऱ्या मोजतो. अमेरिकेतल्या नियमांनुसार जलद गतीला वायपरने मिनिटाला किमान ४५ फेऱ्या केल्या पाहिजेत, हे त्याने कुठेतरी वाचून पाठ केलेले असते. स्वतःच्या गाडीचा आकडा २६ येतो. कोरड्या काचेवर रबर चिकटून ओढते, त्यामुळे मोजणी नेहमी ओल्या काचेवर करायची असते. हे त्याला तिसऱ्या मोजणीनंतर आठवते. मग खालच्या मजल्यावरची झारी येते, आकडा २८ होतो आणि वहीत दोन्हींची नोंद होते.

यानंतर निदान. निदानाचा त्याचा क्रम ठरलेला असतो: खऱ्या दोषापासून जो भाग सर्वांत लांब, तिथून सुरुवात. आधी इंजिनावर संशय. वडिलांच्या ओळखीच्या कोणाच्या तरी जीपचा वायपर कसाऱ्याचा घाट चढताना जवळजवळ थांबायचा, ही गोष्ट त्याने लहानपणी ऐकलेली असते. गोष्ट खोटी नाही. पूर्वीच्या काही गाड्यांत वायपर इंजिनाच्या ओढीने तयार होणाऱ्या निर्वातावर चालत. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निर्वात कमी व्हायचा आणि वायपर मरगळायचा. पण पद्मिनीचा वायपर विजेवर चालतो. डायनॅमोच्या जुन्या गाडीत तर प्रकार उलटा असतो: सिग्नलला इंजिन मंद झाले की वायपर रेंगाळतो आणि रेस दिली की धावू लागतो. एवढे स्पष्ट असूनही पहिला रविवार कार्बोरेटर साफ करण्यात जातो. कार्बोरेटर छान साफ होतो.

दुसऱ्या रविवारी बॅटरीचे टर्मिनल गरम पाण्याने धुऊन होतात, फ्यूज पॉलिशपेपरने घासून होतात. त्यानंतर पाठीवर झोपून, पाय दाराबाहेर काढून, डॅशबोर्डखालच्या तारांचे दर्शन. ही या वर्गाची ओळख पटवणारी मुद्रा समजावी. इमारतीतले लोक त्या पायांशी बोलतात. ‘काका, नवी मोटरच टाका की.’ आतून उत्तर येते, ‘मोटरला काय धाड भरलीय?’ थोड्या वेळाने गॅलरीतून आवाज येतो, ‘अहो, जेवायला येताय की ताट तिथंच आणू?’ याचे उत्तर येत नाही, कारण तोंडात स्क्रू असतात.

खरे तर शोध फार अवघड नसतो. वायपर मंद होण्याची कारणे दोनच जातींची. एक तर मोटरला जोर पुरत नाही, नाहीतर मोटर ज्याला ओढते तेच अडकते. दोन्ही वेगळे करायला मोटरपासून दांड्यांची जोडणी सोडवून मोटर एकटी चालवावी. ती एकटी भन्नाट फिरली तर दोष पुढे आहे. एकटीही कण्हत असेल तर तिचे कार्बन झिजलेत किंवा वीज पुरेशी पोचत नाही. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. गृहस्थ ती तिसऱ्या रविवारी करतो, तीही पानाच्या गादीशेजारच्या बॅटरीवाल्याकडचा पोरगा जाता जाता म्हणाला म्हणून. हे मात्र वहीत येत नाही.

पहिला दोष बहुतेकदा काचेखालच्या पत्र्यातून डोके वर काढणाऱ्या त्या दोन दांड्यांत सापडतो, ज्यांवर वायपरचे आर्म बसतात. वर्षानुवर्षांचे ग्रीस वाळून तिथे डिंक झालेला असतो, त्यात धूळ आणि गंज. जोडणी सुटलेली असताना दांडी दोन बोटांनी सहज फिरायला हवी; इथे पक्कड लागते. वरून तेलाचे थेंब सोडून भागत नाही, ते आत पोचतच नाहीत. दांडी बाहेर काढून, रॉकेलने धुऊन, बारीक पॉलिशपेपर मारून नवे ग्रीस भरावे लागते. यासाठी लागणारे वॉशर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात निघतात. त्या डब्यात या गाडीचे, आधीच्या लँब्रेटाचे आणि एका टेबलफॅनचे मिळून सगळे सुटे भाग असतात, हवा तो सोडून. तो आणायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फेरी होते. फेरीत एक वॉशर येतो आणि कधीतरी लागतील म्हणून दोन हेडलाइट येतात.

एवढे करून आकडा ३७ होतो. उरलेला दोष अर्थचा. मोटरकडून परतीची वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे जाते. मोटर जिथे पत्र्याला बसते तिथे गंज किंवा रंग आला की वाट अडते. पारख सोपी आहे: मोटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड तार तात्पुरती धरावी. वायपर उसळला तर अर्थ गेलेला. इथे वायपर असा उसळतो की गृहस्थ दचकून तार सोडतो. तीन वर्षांपूर्वी त्याने हौसेने गाडीला आतून-बाहेरून रंग दिलेला असतो, ‘एक इंचही सुटता कामा नये’ असे पेंटरला बजावून. पेंटरने शब्द पाळलेला असतो.

रंग खरवडला जातो, जास्तीची तार कायमची बसते, ब्लेडचे कडक झालेले रबर बदलले जाते. झारी पुन्हा येते. पोरे जमतात. आकडा ५१. गृहस्थ तो दोनदा मोजतो आणि वहीत लाल शाईने लिहितो. वायपर पार बसला तर काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याची ट्रकवाल्यांची युक्ती असते; त्यासाठी डिकीत ठेवलेला बटाटा त्या दिवशी भाजीत जातो.

मृग लागतो, खरा पाऊस कोसळू लागतो. पद्मिनीवर ताडपत्री चढते, कारण पावसात पत्रा सडतो आणि या वर्गातला कोणीही पावसात गाडी बाहेर काढत नाही. दसऱ्यापर्यंत सगळी कामे रिक्षाने होतात. रिक्षात बसल्या बसल्या गृहस्थाची नजर पुढच्या काचेवर जाते, ओठ हलू लागतात. मिनिटाने तो पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवतो. ‘एकतीस,’ तो म्हणतो. ‘अर्थ बघून घ्या.’