चिल्लर कशी निवडावी

चलनातून तांब्याचं नाणं मिळवायचं तर आधी ते चलनात असावं लागतं, आणि आपलं चिल्लर निवडण्याचं शास्त्र पहिल्याच पायरीवर अडखळतं. 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा गेला वॉशर म्हणून, नाहीतर पोरांच्या करदोट्यात. 1957 चा ब्राँझचा नवा पैसा पुढे अ‍ॅल्युमिनियमचा झाला आणि 30 जून 2011 पासून पावलीपर्यंतचं सगळंच बाद झालं. तेव्हा पिंपळनेरच्या आठवडे बाजारात तांबं शोधायचं ते निकेलच्या आड. 1991 पर्यंतचा सहा ग्रॅमचा रुपया, जुना अकरा कोनांचा दोन रुपया, नऊ ग्रॅमचा जाडजूड पाच रुपया. यांत पाऊण हिस्सा तांबंच आहे. परीक्षेला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक पुरतं. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया टक्कन चिकटतो, जुना ढिम्म हलत नाही. पिवळा पाच रुपयाही चिकटत नाही, पण तो रंगावरून ओळखता येत नसेल तर टपाल तिकिटं जमवावीत. नाणं चिंचेनं घासू नये. कधीच नाही.

यातून मिळतं काय, हा आक्षेप रास्त आहे. त्या रुपयात साडेचार ग्रॅम तांबं असतं आणि बाजारभावानं ते रुपयाहून महाग पडतं. खोटं नाणं खऱ्याला बाजारातून हाकलतं ते याच हिशेबानं. पण 2011 चा नाणे कायदा नाणं वितळवू देत नाही, म्हणजे नफा कागदावरच. उरले आपल्या पारावरचे नाणेतज्ज्ञ. त्यांच्या मते वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला लाखो मिळतात, रामदरबाराचं 1818 चं तांब्याचं नाणं कंपनी सरकारनं पाडलं आणि ते तांदूळ ओढतं. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही आणि तांदूळ ओढणारं तांबं ही निव्वळ टोपी आहे. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. तज्ज्ञ तो वाचत नाहीत. त्यांना फॉरवर्ड पुरतो.

दुसरा आक्षेप किराणावाल्याचा: आधीच सुट्ट्याची मारामार, त्यात तुम्ही गल्ला उपसता. बरोबर आहे. म्हणून एक नाणं उचललं की त्याच किमतीचं स्टीलचं तिथंच ठेवावं, आणि कुणी ‘सुट्टा पैसा शेतस का?’ विचारत उभं असेल तर चुंबक खिशात घालावं. सालाखालचं चिन्ह घरी भिंगातून पाहावं: चौकट असेल तर मुंबई, चांदणी हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. घासलेल्या रुपयावर ठिपका आणि चौकट सारखीच दिसतात. अशा वेळी शास्त्र थांबतं आणि भिंगवाल्यांची भांडणं सुरू होतात. पन्नास पैसे मिळाले तर ते ओळखायला भिंगाचीही गरज नाही. ते कायद्यानं आजही चालतात. तुमच्या दुकानदाराला मात्र तसं सांगून पाहा.