आलिशान बंगला विकण्याआधी करावयाच्या सुधारणा : खास कळंबकरांसाठी

कळंबसारख्या तालुक्याच्या गावी आलिशान बंगला बांधायला फक्त पैसे लागतात. विकायला मात्र पैसेवाला दुसरा माणूस लागतो, आणि तो याच गावात, याच वर्षी, स्वतःचा बंगला नसलेल्या अवस्थेत सापडावा लागतो. जिनिंगचा मालक, यवतमाळात दवाखाना चालवणारा डॉक्टर, जोडीने निवृत्त झालेले गुरुजी आणि बाई, मुलगा पुण्याला कंपनीत असलेला मोठा कास्तकार, एवढीच ही बाजारपेठ. ही मंडळी बोटांवर मोजून झाली की बंगलेमालक अस्वस्थ होतो आणि बंगल्यात सुधारणा करायला घेतो. दिवाणखान्यात पीओपीचं फॉल्स सीलिंग चढतं, त्यात निळे दिवे लागतात, पोर्चच्या खांबांना सिमेंटची पानंफुलं फुटतात, स्वयंपाकघराचं मॉड्युलर किचन होतं आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन सिंह येऊन बसतात. हौस म्हणून यात वावगं काहीच नाही. पण विक्रीचा उपाय म्हणून हा सगळा खर्च वाया आहे, असं प्रस्तुत मार्गदर्शनाचं स्पष्ट मत आहे. खरेदीदार घर आवडलं म्हणून किंमत वाढवत नसतो. शंका आली म्हणून ती पाडत असतो. तेव्हा जी सुधारणा त्याची शंका घटवेल, तेवढीच खर्चात धरावी. सिंहांनी शंका घटत नाही.

याला अर्थशास्त्राचा आधार आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि या विषयातल्या कामाबद्दल २००१ साली त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. मोटारीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक मोटार थोडी बिघडलेलीच धरून भाव सांगतो, आणि चांगल्या मोटारीचा मालक वैतागून ती विकायचंच रद्द करतो. बंगल्यालाही हेच लागू आहे. कळंबात फरक एवढाच की घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं असं नाही. त्याला अर्धवट ठाऊक असतं, आणि हे जास्त घातक. तुमचा स्लॅब टाकणारा मिस्तरी त्याच्या साळ्याच्या घरी काम करून गेलेला असतो. दुसऱ्या पावसाळ्यात तुमच्या मागच्या खोलीत बादल्या लागल्या होत्या, हे त्याने चहा पिता पिता सांगितलेलं असतं. अशा गावात, दहा वर्षं ब्रश न लागलेल्या भिंतीवर विक्रीच्या महिनाभर आधी टेक्स्चर पेंट चढला, तर बघणारा 'वा' म्हणत नाही, 'कायले?' म्हणतो. पुट्टी जितकी ताजी, तितकी तिच्यामागची भेग त्याच्या मनात रुंद होत जाते.

भेगेचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघायला हवा, कारण कळंबच्या बंगल्याचं निम्मं भवितव्य जमिनीखाली ठरतं. काळी कापसाची माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा तो स्वभावच आहे. कपाशीला हा स्वभाव मानवतो, पायाला मानवत नाही. ज्याने काळी माती उपसून मुरूम भरला, किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी रूढ केलेले, तळाशी फुगवटा असलेले खांब खोलवर घेतले, त्याचा बंगला सरळ उभा असतो. ज्याने ते पैसे वाचवून पोर्च वाढवला, त्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ही भेग ऋतूप्रमाणे वागते : उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. चतुर विक्रेता इथे पंचांग उघडतो. वैशाखात बंगला दाखवायचा नाही, कारण भेगा उघड्या आणि पारा चव्वेचाळिसाच्या पुढे. श्रावणात नाही, कारण भेगा मिटल्या तरी स्लॅब गळतो. भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा पितरांचा. आश्विनात माणसं सोयाबीनच्या मागे. पौषात कुणी घराचं बोलत नाही. उरले कार्तिक आणि मार्गशीर्ष : ओल गेलेली, भेग अजून झोपलेली, कापसाचे पैसे हातात यायला लागलेले. बिनचूक हिशोब! त्यात खोट एकच. हाच हिशोब खरेदीदारालाही येतो. मार्गशीर्षात बंगला बघून गेलेला माणूस इसार देण्याआधी 'सहज इकडून चाललो होतो' म्हणत चैत्रात पुन्हा येतोच.

म्हणून इथे उलटी सुधारणा सुचवली जात आहे. पुट्टी मारूच नये. भेगेवर आडवी काचेची छोटी पट्टी चिकटवावी आणि तिच्याशेजारी तारीख लिहावी. भेग हलती आहे की थांबलेली, हे तपासायची इंजिनिअरांची ही जुनी रीत आहे. भिंत सरकली तर काच तडकते. तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे पाहिलेली अखंड काच दिवाणखान्यात असेल, तर तिच्याइतकं शोभिवंत दुसरं काही त्या भिंतीवर टांगता येणार नाही. काच तडकली असेल, तर मात्र आधी पायाकडे बघावं. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ असं म्हणतं की, खरेदीदाराला साध्या दक्षतेने कळू शकणार नाही असा ठळक दोष विक्रेत्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या वर लपवलेली ओल या वाक्यात किती व्यवस्थित बसते, हे वाचकाने स्वतः बघावं.

यानंतरची सुधारणा घराच्या लोखंडी कपाटात करायची आहे. आपल्याकडे बंगला विटांचा असतो, पण विकला जातो कागदाचा. याचा दाखला शोधायला थेट मुंबईच्या ब्रीच कँडीला जावं. तिथलं लिंकन हाउस म्हणजे वांकानेरच्या महाराजांचा १९३० च्या दशकातला समुद्राकाठचा महाल. पुढे अमेरिकेच्या वकिलातीचा कारभार अनेक वर्षं तिथून चालला. २०१५ साली पुण्याच्या सायरस पूनावालांनी तो ७५० कोटींना घ्यायचं ठरवलं. समुद्र होता, महाल होता, खरेदीदार होता, पैसा होता. जमिनीच्या हक्कावरून केंद्र सरकारने हरकत घेतली आणि व्यवहार वर्षानुवर्षं लटकला. तिथे कुणी मॉड्युलर किचन बसवलं असतं, तर तेही लटकलं असतं. ७५० कोटींच्या महालाला जो नियम, तोच कळंबच्या बंगल्याला. जागा अकृषक झाली आहे का, सातबारावर भोगवटादार वर्ग दोन तर लिहिलेलं नाही ना, आजोबांनंतरचा वारसान फेरफार झाला की 'होऊन जाईल' या अवस्थेत आहे, नकाशात मंजूर झालेला मजला एक आणि उभे दोन असं तर नाही, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा उतरला का? या प्रश्नांची उत्तरं स्वच्छ असलेला साधा बंगला, इटालियन संगमरवर घातलेल्या पण फेरफार अडकलेल्या बंगल्याच्या आधी विकला जाईल.

कागदांतली सर्वांत परिणामकारक सुधारणा म्हणजे बहिणीची सही. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मतःच मुलाच्या बरोबरीने हक्कदार झाली. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. तरीही वडिलोपार्जित जागेवर बंगला बांधून तो विकायला काढणारे भाऊ बहिणीकडे येतात ते सर्वांत शेवटी, बहुधा भाऊबिजेला, बहुधा पैठणीसह. पैठणी हा या बाबतीत अपुरा मुद्रांक आहे. तिचा वाटा नीट काढून द्यावा, किंवा ती खुशीने सोडत असेल तर हक्कसोडपत्र रीतसर नोंदवून घ्यावं. निळ्या दिव्यांच्या सीलिंगला जितके पैसे लागतात, त्यापेक्षा वाट्याला जास्त लागतील हे खरं; पण दिव्यांनी कोर्टातला दावा थांबत नाही. ती मागेल तेही दिलं तरी ते दान ठरत नाही, तिचंच तिला गेलं असा याचा अर्थ आहे.

आता पाणी. कळंबात बंगला बघायला आलेला माणूस बाथटबकडे दोन मिनिटं कौतुकाने बघतो आणि तिसऱ्या मिनिटाला विचारतो, "बोअरले पानी किती फुटावर हाय?" आपल्या भागात खाली बेसॉल्टचा काळा खडक, त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांतच काय ते पाणी. त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरला धो धो पाणी असणं हा तुमच्या बोअरचा पुरावा होत नाही, आणि तळहातावर नारळ घेऊन फिरलेल्या पाणाड्याची ग्वाही तर मुळीच नाही. इथे वराहमिहिराचं स्मरण उचित ठरेल. बृहत्संहितेत वास्तुविद्येच्या अध्यायाला लागूनच भूगर्भातलं पाणी झाडांवरून आणि वारुळांवरून ओळखण्याचा अध्याय येतो. आपल्या वास्तुतज्ज्ञांनी पहिला अध्याय कवटाळला आणि शेजारचा विसरले. सुधारणा सोपी आहे : मे महिन्यात, भर दुपारी, खरेदीदारासमोर मोटर चालू करावी आणि पाणी पडत राहू द्यावं. छपरावरचं पावसाचं पाणी बोअरभोवती मुरवलं असेल तर तेही दाखवावं. सौरऊर्जेची पॅनेलं बसवावीत. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट किंवा जास्त क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण त्याहून मोलाची ती महावितरणची गेल्या बारा महिन्यांची बिलं, कारण बिलावर पुट्टी मारता येत नाही. मोठमोठे कूलर चालवूनही बिल कमी आलेलं दिसलं की माणूस विरघळतो.

वास्तूसाठी भिंत पाडू नये. स्वयंपाकघर आग्नेयेला नेण्यात तुम्ही लाखभर घालवाल, आणि खरेदीदाराचा स्वतःचा तज्ज्ञ येऊन जिना चुकला म्हणून सांगेल. त्याची फी दोष सापडण्यावर अवलंबून असते. उलट एक किरकोळ, दोनशे रुपयांत मिटणारा दोष मुद्दाम शिल्लक ठेवावा, म्हणजे त्याला तो सापडेल आणि पुढे शोधायचा उत्साह राहणार नाही. आणि उंचीची, दर्शनी भागाची फार चिंता वाटत असेल तर गावातल्याच सर्वांत नामांकित वास्तूकडे बघावं. विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा चिंतामणी रस्त्याच्या पातळीला नाही. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. तिथे कुंड आहे, बारा वर्षांनी पाणी वर येतं अशी श्रद्धा आहे, आणि आजचा कोणताही एलिव्हेशन डिझायनर त्या जागेला 'फ्रंटेज नाही' म्हणून नापास करेल. गर्दीला त्याने फरक पडलेला नाही.

यावर आक्षेप येणार की माणूस डोळ्यांनीच खरेदी करतो. पहिली छाप महत्त्वाची. बरोबर, पण छाप कशाची पडते ते तपासू. अमेरिकेत घरदुरुस्तीवर घातलेल्या पैशापैकी विक्रीत किती परत येतो, याचा अहवाल दरवर्षी निघतो. २०२४ च्या अहवालात सर्वांत वर होतं गॅरेजचं नवं दार : घातलेल्या पैशाच्या जवळजवळ दुप्पट परतावा. आलिशान स्वयंपाकघराचे निम्मेही पैसे परत आले नाहीत. तेव्हा फाटकाचं बिजागर करकरत असेल तर तेल घालावं, गंजलं असेल तर नवं बसवावं, संडास-न्हाणी घासून घ्यावी, आणि बंगई असेल तर तिच्या कड्या घट्ट कराव्यात, कारण येणारा प्रत्येक जण तिच्यावर बसूनच भाव सांगणार आहे. एवढी छाप पुरे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, नागपूर-तुळजापूर महामार्ग तर आहेच; आता बाहेरचा गिऱ्हाईक येईल, त्याला गावगप्पा माहीत नसतील आणि झगमगाट हवा असेल, असं म्हणता येईल. येईलही तो. पण ज्याला मिस्तरी माहीत नाही, त्याच्या शंका जास्त असतात, कमी नव्हे. म्हणून तो वकिलाचा शोध अहवाल मागतो आणि इंजिनिअर घेऊन येतो. शिवाय मोठ्या शहरातला श्रीमंत दुसऱ्याच्या हौसेचं काय करतो, याचंही उदाहरण आहे. मुंबईत होमी भाभांचा मेहरांगीर बंगला २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटींना गेला आणि पुढे दोन वर्षांत पाडला गेला. भाव समुद्राचा आणि जमिनीचा होता; भिंतींचा कुणी लावलाच नव्हता.

राहिला करांचा मुद्दा, तो थोडक्यात. सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा मागता येतो, पण पावती लागते. मिस्तरीने सिमेंटच्या गोणीच्या कागदावर पेन्सिलने केलेली बेरीज आयकर खात्याला दाखवता येत नाही. सीलिंग, सिंह आणि किचन यांचे न खर्चलेले पैसे सांगायच्या किमतीतूनच कमी करावेत, आणि कमी केले हे दलालाकरवी गावभर होऊ द्यावं. नव्या मालकिणीला ओटा पूर्वेला हवा की उत्तरेला, त्यावरचं ग्रॅनाईट काळं की हिरवं, हे त्यांच्या घरात पुढे तीन महिने चालणारं भांडण आहे; त्याचा खर्च आपण आगाऊ कशाला भरायचा?