दात्यांचे पंचांग

पावसाळा ओसरल्यापासून उन्हाचा कडाका सुरू होईपर्यंत नाशिक रस्त्याने मंचर-नारायणगाव गाठून पुढे भीमाशंकर, शिवनेरी किंवा माळशेज घाटाकडे वळणाऱ्या पुणेकर सायकलस्वारांत एक वर्ग असा आढळतो, की ज्याचा बहुतांश प्रवास घरच्या जेवणाच्या टेबलावरच पार पडलेला असतो. वय पंचेचाळिशीच्या आगेमागे, नोकरी हिंजवडीकडची, स्वतःच्या गुडघ्यांविषयीचे मत प्रतिकूल आणि खिशात घडी घातलेला एक तक्ता, एवढ्या लक्षणांवरून तो ओळखता येतो. सोलापूरच्या दाते पंचांगावाचून अनेक घरांत जसा मुहूर्त निघत नाही, तशी या तक्त्यावाचून त्याची सायकल निघत नाही. मात्र येथे दाते म्हणजे सायकलच्या दातेरी चक्रीवरचे दाते होत. या पंचांगाचीही अंगे पाचच असून पुढच्या चक्रीचे दाते, मागच्या चक्रीचे दाते, चाकाचा व्यास, चढाची तीव्रता आणि सामानाचे वजन ही ती होत. पाचवे अंग मांडताना स्वतःच्या पोटाचे वजन तो सामानात धरत नाही, ही या शास्त्रातील मान्यताप्राप्त सवलत आहे.

गावोगावी दुधाच्या किटल्या, गवताचे भारे आणि शाळकरी भावंडे वाहिलेल्या काळ्या सायकलीला एकच गिअर असे. तिच्या पुढच्या चक्रीला बहुधा ४४ आणि मागच्या ‘फ्री’ला १८ दाते असत, म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरे, चढ आला की स्वार खाली उतरे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून येणाऱ्या संख्येला चाकाच्या व्यासाच्या इंचांनी गुणले की ‘गिअर इंच’ हे माप मिळते. पायडल थेट उंच पुढच्या चाकालाच जोडलेले असे त्या काळातले हे माप आजही टिकून आहे. काळ्या सायकलीच्या २८ इंची चाकाला या हिशेबाने सुमारे ६८ इंच पडतात. आपल्या पंचांगकर्त्याला मात्र एकाच सायकलीत २१ पासून ११८ इंचांपर्यंतचा पल्ला हवा असतो, म्हणून तो पुढे ४८, ३६ आणि २६ दात्यांच्या तीन चक्र्या व मागे ११ पासून ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे लहानमोठ्या चक्र्यांची उतरंड, पसंत करतो, आणि पसंत करून झाल्यावर आणखी दोन महिने विचार करतो.

विचाराचे कारण डिरेलर. चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या आणि तिची ढिलाई आवळून धरणाऱ्या या भागाची एक क्षमता ठरलेली असते. पुढच्या सर्वांत मोठ्या व लहान चक्रीतील फरक २२, मागच्यांतील फरक २३, दोहोंची बेरीज ४५. लांब पिंजऱ्याचा चांगला डिरेलर जेमतेम तेवढीच ढिलाई सोसतो. हा आकडा मिळताच गृहस्थाला भरते येते, कारण खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, आणि ‘तूर द फ्रान्स’चे जनक आंरी देग्रांज यांनी बदलते गिअर ४५ वर्षांवरच्यांनाच शोभतात अशा आशयाचे मत दिले होते. (त्या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळायला १९३७ साल उजाडावे लागले, हे तो दुकानातल्या मिस्त्रीला सांगतो, मिस्त्री हातातल्या चेनला तेल देत राहतो.)

या साऱ्या विद्येची कसोटी घोडेगावहून जुन्नरकडे जाताना गिरवलीच्या चढावर लागते. वर डोंगरावर ‘आयुका’ची २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण दूरच्या दीर्घिका न्याहाळते, खाली डांबरी रस्त्यावर आपला गृहस्थ २६ आणि ३४ च्या जोडीवर आलेला असतो. या जोडीत पायडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, तर सायकल तासाला सुमारे ६ किलोमीटर सरकते. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली आजी नेमकी त्याच वेगाने शेजारून चालत असते.

“का रं बाबा, पंचर झाली का?”

“नाही आजी, हळू चालवतोय.”

“मग उतरून चाल की, बिगीनं जाशील.”

गणिताच्या दृष्टीने आजींचे म्हणणे खोडता येण्याजोगे नाही. गृहस्थ उत्तरादाखल डाव्या-उजव्या बोटांनी गिअरचा खटका दाबून पाहतो. खटका दबत नाही, कारण याहून हलका गिअर शिल्लक नसतो, आणि ही गोष्ट तक्ता पाठ असल्यामुळे त्याला इतर कोणाहीपेक्षा चांगली ठाऊक असते. तरीही पुढच्या वळणावर तो पुन्हा दाबून पाहतो. चढावर नसलेला गिअर शोधणे हा या वर्गाचा खरा कुलाचार म्हणावा लागेल.

जुन्नरला मुक्काम केल्यावर दुसऱ्या दिवशी तो घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर जातो. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेने यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचा लेख कोरलेला असून गायी, घोडे आणि कार्षापण नावाची नाणी अंकांत मोजलेली आहेत. भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. दात्यांचा हिशेब लिहून ठेवण्याची परंपरा या तालुक्यात दोन हजार वर्षांची आहे, हे पाहून त्याला आपल्या तक्त्याविषयी वाटणारा आदर दुणावतो. याच वाटेने कोकणातला माल वर चढवणाऱ्या बैलांना पायऱ्यांवर कोणता गिअर लागत असेल, याचा अंदाजही तो बांधू लागतो.

त्याची थट्टा करणे सोपे असले, तरी खालच्या बाजूने त्याचा हिशेब बरोबर आहे, हे मान्य केले पाहिजे. पंधरा-वीस किलोंच्या थैल्या बांधून डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरचा चढ चढणाऱ्या मध्यमवयीन माणसाने शर्यतीच्या सायकलीचे गिअर घ्यावेत, हा सल्ला देणाराचे गुडघे तरी तरुण असावेत किंवा सायकल तरी माळ्यावर असावी. चूक होते ती वरच्या टोकाला. ४८ आणि ११ ची जोडी मिनिटाला ९० फेऱ्यांनी चालवली, तर वेग तासाला ५० किलोमीटर होतो. उतारावर खड्डे, गावागणिक गतिरोधक आणि नारायणगावच्या बाजाराकडे टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेले पिकअप टेंपो हजर असताना हा वेग पायडल मारून मिळवण्याची गरज कोणालाच पडत नाही. त्यामुळे चार हंगाम उलटल्यावर सायकल दुरुस्तीला आली, की ३४ दात्यांच्या चक्रीचे दाते झिजून टोकदार झालेले दिसतात आणि ११ ची चक्री दुकानातून आणली तशीच चकचकीत असते.